सातच अंश का?

माझ्याकडे येणारे बहुतेक संशोधक पहिल्या भेटीत ज्या गोष्टीवर बोट ठेवतात, तो त्यांचा खरा शोध नसतो. ते खोटं बोलत नसतात. ज्या भागाने सगळ्यात जास्त छळलं, जो पुन्हा पुन्हा तुटला आणि शेवटी एकदाचा टिकला, तोच त्यांना शोध वाटतो. साहजिकच आहे. पण पेटंट कायद्याला घामाशी देणंघेणं नाही. नवीन काय आहे आणि त्यामुळे घडतं काय, एवढंच तो विचारतो.

पेटंट अॅटर्नी होण्याआधी मी इंजिनिअर होते. पंपांच्या शाफ्ट सीलवर काम करायचे. जिथून पाणी गळू नये तिथून ते का गळतं, हाच माझा दिवसभराचा उद्योग. आमचं एक नवं सील तयार होत आलं, तेव्हा वरिष्ठांनी दुसऱ्या कंपनीच्या पेटंटांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आपण यात कुठे अडकत नाही ना, तेवढं बघ." आकृत्या लगेच कळल्या. वर्णनही कळलं. शेवटच्या पानांवरच्या क्लेमपाशी, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय हे सांगणाऱ्या वाक्यांपाशी, मात्र गाडी अडली. एकेक वाक्य अर्धं पान लांब, श्वास घ्यायला जागा नाही. पुन्हा पुन्हा वाचल्यावर त्यातली मेख दिसायला लागली. साध्या स्प्रिंगला 'ढकलणारं साधन' का म्हटलंय? स्प्रिंगच्या जागी रबराचा ठोकळा घालून कुणी निसटू नये म्हणून. आणि क्लेममध्ये लिहिलेला प्रत्येक भाग तुमच्या वस्तूत असेल, तरच तुम्ही त्यात सापडता. एखादा भाग खरोखरच नसेल तर सुटता. आमच्या सीलमध्ये एक कडं कमी होतं. आम्ही सुटलो. मला मात्र त्या वाक्यांची चटक लागली.

त्यानंतरच्या अभ्यासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दिवसा नोकरी, रात्री कलमं. अनेक देशांत पेटंट कार्यालयापुढे काम करायला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते आणि वर एक वेगळी परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे या धंद्यात माझ्यासारखे रूळ बदललेले लोक भरपूर आहेत. आमच्या जमातीतला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे चेस्टर कार्लसन. शिकला भौतिकशास्त्र, नोकरी धरली पेटंट विभागात. कागदपत्रांच्या आणि आकृत्यांच्या प्रती करून करून तो इतका वैतागला की रात्री कायद्याचं शिक्षण घेता घेता त्याने कोरड्या छपाईची पद्धतच शोधून काढली. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात त्याची पहिली प्रत उमटली, आणि 1942 मध्ये त्या पद्धतीचं पेटंट मिळालं. तीच पुढे झेरॉक्स झाली. आमच्यातले बाकीचे इतके उपयोगी वैतागत नाहीत.

ज्या सरांच्या हाताखाली मी हे काम शिकले, ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मागे खोडरबर असलेली पेन्सिल हातात दिली आणि याचा क्लेम लिही म्हणाले. आता मी हाच खेळ नव्या मुलांशी खेळते. इंजिनिअर असेल तर उत्तर ठरलेलं असतं: षटकोनी लाकडी दांडा, मधोमध ग्राफाइटची कांडी, टोकाला पत्र्याची टोपी, टोपीत बसवलेलं रबर. मापंसुद्धा देतात बिचारे. मग मी विचारायचं, दांडा गोल असला तर? प्लास्टिकचा असला तर? पत्र्याची टोपी काढून रबर थेट लाकडात चिकटवलं तर?

हा शेवटचा प्रश्न हवेतला नाही. खोडरबरवाल्या पेन्सिलीचं पेटंट हायमन लिपमन याला 30 मार्च 1858 रोजी अमेरिकेत मिळालं, आणि त्याच्या पेन्सिलीला पत्र्याची टोपी नव्हतीच. लाकडाच्या एका टोकाला खाच करून त्यात रबर चिकटवलेलं होतं. म्हणजे या मुलांनी लिहिलेल्या क्लेममध्ये खुद्द लिपमनची पेन्सिल बसत नाही. गोष्टीचा दुसरा भागही सर रंगवून सांगायचे. 1875 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट रद्दच ठरवलं. पेन्सिल पेन्सिलीचं काम करते, रबर रबराचं. दोन जुन्या गोष्टी एकत्र बांधल्या म्हणून दोघींनी मिळून नवं असं काहीच केलं नाही. एका पेन्सिलीत निम्मा अभ्यासक्रम आहे: क्लेम किती रुंद ठेवायचा, आणि जोडकामाला शोध कधी म्हणायचं.

इंजिनिअरच्या अंगी भर घालण्याची सवय असते. ड्रॉइंगवर एखादं माप राहिलं तर कारखान्यात गोंधळ होतो, म्हणून सगळं लिहायचं. क्लेम लिहिताना उलटं. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारायचं, हा काढला तर शोध चालेल का? चालत असेल तर काढा. वर्णनात मात्र सगळं हवं: मापं, पर्याय, फसलेले प्रयोग, तिरपागडे नमुने, जे जे माहीत आहे ते. क्लेम सडसडीत आणि वर्णन लठ्ठ. हे जमायला मला परीक्षेपेक्षा जास्त वेळ लागला.

आता एका प्रकरणाबद्दल जरा सविस्तर सांगते. संशोधकांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ फिटर. टाकी भरली की आपोआप बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह घेऊन आले होते. असे व्हॉल्व्ह पूर्वापार आहेत, आणि त्यांचा रोगही पूर्वापार आहे. पाण्यात वाळू किंवा गाळ असला की सीट (म्हणजे चकती टेकते ती बैठक) आणि चकती यांच्यामध्ये कण अडकतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि टाकी वाहत राहते. यांचा अडकत नव्हता. त्यांनी पिशवीतून रबरी चकत्या काढून टेबलावर मांडल्या. कडेला मऊ, मध्ये कडक, अशा दोन थरांच्या. "मॅडम, सगळी करामत या रबरात आहे."

मी पहिल्यांदा नेहमीचा प्रश्न विचारला: हे कुणाला दाखवलंय? विकलंय? कुणाकडे बसवून दिलंय? नव्हतं. शेडमध्ये स्वतःच्याच टाकीवर चालवून बघितलं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला, कारण इथेच निम्मी प्रकरणं संपतात. लोक प्रदर्शनात मांडतात, व्हिडिओ टाकतात, परिषदेत पोस्टर लावतात, आणि मग विचारतात की आता पेटंट कसं घ्यायचं. काही देश स्वतःच्याच प्रकटीकरणाला वर्षभराची सूट देतात, अमेरिका त्यातला एक. युरोपात जवळजवळ काहीच सूट नाही. जनुकं जोडण्याचं कोहेन आणि बॉयर यांचं तंत्र 1973 मध्ये शोधनिबंधातून छापून आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाने अर्ज केला नोव्हेंबर 1974 मध्ये, अमेरिकेतली वर्षाची मुदत संपत आलेली असताना. अमेरिकेतलं पेटंट मिळालं आणि त्यातून पुढे प्रचंड पैसा आला. बाकी जगातला हक्क मात्र तो निबंध छापला त्याच दिवशी गेलेला होता.

'दाखवणं' म्हणजे चारचौघांत दाखवणं असंही नाही. अमेरिकेतल्या एका माणसाने 1855 मध्ये कॉर्सेटच्या टिकाऊ पट्ट्या बनवून आपल्या मैत्रिणीला दिल्या. तिने त्या वर्षानुवर्षं वापरल्या, अर्थात कपड्यांच्या आत. त्याने अर्ज केला 1866 मध्ये. 1881 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा सार्वजनिक वापरच झाला: वस्तू कुणाला दिसत नव्हती हे खरं, पण देताना गुप्ततेची कसलीही अट घातलेली नव्हती. हा खटला सांगितला की संशोधक हसतात, आणि मग हळूच म्हणतात, "माझ्या मेव्हण्याने एक नेलाय."

तर, रबर. मी विचारलं, "हे रबर साध्या व्हॉल्व्हमध्ये घालून बघितलंत?"

"नाही."

"आणि साधं रबर तुमच्या व्हॉल्व्हमध्ये?"

"सुरुवातीला तेच तर होतं."

"तेव्हा अडकायचा?"

ते जरा थांबले. "अडकायचा नाही. पण रबर लवकर झिजायचं."

म्हणजे रबराने झीज थांबवली होती, अडकणं नव्हे. सीलवर घालवलेली वर्षं इथे कामाला आली. मी व्हॉल्व्हची बॉडी उचलून डोळ्यांसमोर धरली. सीट सपाट नव्हती, एका बाजूला झुकलेली होती.

"हे तिरकं आहे."

"हां, सात अंश."

"सातच का?"

"साचाच तसा आला. सरळ करायचा तर नवा साचा पाडावा लागला असता. चालत होतं, म्हणून ठेवलं."

शोध तिथे होता. साध्या व्हॉल्व्हमध्ये चकती सीटला सगळीकडून एकाच वेळी टेकते. फट सगळीकडून सारखीच लहान होत जाते, प्रवाह मंदावतो आणि कण जिथे असेल तिथे चिरडला जातो. सीट तिरकी असली की चकती आधी एका कडेला टेकते आणि समोरच्या कडेला शेवटची फट उरते. उरलेलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या फटीतून वेगाने निघतं आणि मिटता मिटता तिथली वाळू धुऊन नेतं. व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी बंद होताना स्वतःचं तोंड धुतो. हे योगायोगाने घडलं याने काही बिघडत नाही. शोध बुद्धीने लागला की अपघाताने, याची चौकशी पेटंट कायदा करत नाही.

त्यांना मी कामाला लावलं. वेगवेगळ्या कोनांच्या सीट बनवून गाळाच्या पाण्यावर चालवायच्या आणि नोंद ठेवायची. कोन फार कमी असला तर जुना रोग परत यायचा, साधारण तीन ते बारा अंशांपर्यंत व्हॉल्व्ह मस्त चालायचा, त्यापुढे चकती दुमडून गळायला लागायची. मग मी विचारलं, "तुमचा व्हॉल्व्ह बघून कुणाला नक्कल करायची असेल, आणि सीट तिरकी करायची नसेल, तर तो काय करेल?" ते क्षणभरही थांबले नाहीत. "सीट सरळ ठेवून चकतीच तिरकी लावेल." त्यांनी तेही करून बघितलं. चाललं. म्हणजे शोध तिरकी सीट हाही नव्हता. पहिला स्पर्श होताना चकतीचं आणि सीटचं प्रतल समांतर नसणं, हा शोध होता. कोण कुणाच्या तुलनेत झुकलंय याला महत्त्व नाही.

या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. संशोधकालाच त्याच्या शोधाचा चोर व्हायला सांगायचं. त्याच्याइतकी पळवाट कुणालाच दिसत नाही, फक्त त्या बाजूने विचार करायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मसुदा वाचून मात्र ते नाराज झाले. मुख्य क्लेममध्ये रबराचं नावच नाही! सात अंशही नाहीत! त्यांना मी राइट बंधूंचं 1906 चं पेटंट दाखवलं. भावांनी आधी अर्ज स्वतः लिहिला होता आणि तो फेटाळला गेला होता. मग त्यांनी हॅरी टूलमिन नावाच्या पेटंट अॅटर्नीला गाठलं. त्या पेटंटच्या आकृतीत इंजिन नाही. उडण्यावर हक्कच मागितलेला नाही, हक्क मागितलाय हवेत तोल सांभाळण्याच्या पद्धतीवर. पंख पिळणं हा त्यांचा स्वतःचा मार्ग, पण शब्द असे निवडले की पंखाच्या टोकांचा हवेशी होणारा कोन दुसऱ्या रीतीने बदलला तरी तो कक्षेत यावा. कर्टिस या प्रतिस्पर्धी विमानकाराने पंख न पिळता वेगळ्या फळ्या लावल्या, तरी 1914 मध्ये न्यायालयाने निकाल राइट यांच्या बाजूनेच दिला. फिटरसाहेबांनी आकृती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "बरं. पण रबर कुठेतरी घाला." घातलं. अकराव्या क्लेममध्ये.

अर्ज दाखल झाला आणि तारीख पडली. त्या तारखेपासून बारा महिन्यांत इतर देशांत अर्ज करता येतो आणि पहिलीच तारीख सगळीकडे धरली जाते. 1883 च्या पॅरिस करारातली ही सोय आहे. पीसीटीच्या, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांसाठी जागा राखून ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, मार्गाने गेलं तर बहुतेक देशांत साधारण तीस महिन्यांपर्यंत थांबता येतं. जगभर चालणारं एकच पेटंट द्या, अशी मागणी मात्र कृपया करू नका. तसं पेटंट अस्तित्वात नाही. देश निवडावे लागतात, आणि निवडताना माल कुठे विकला जाईल आणि नक्कल कुठे होईल, एवढंच बघायचं. बाकी देश हौसेचे.

पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचा अहवाल आला. त्यात एक जुनं पेटंट पुढे केलेलं होतं: तिरक्या सीटचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा. झडपेला कमी अंतर जावं लागावं आणि ती पटकन मिटावी म्हणून तिथे सीट झुकवलेली. परीक्षकाचं म्हणणं सरळ होतं, फ्लोट व्हॉल्व्ह जुना, तिरकी सीट जुनी, दोन्ही जोडणं कुणालाही सुचलं असतं. संशोधक असा अहवाल वाचून खचतात. मला तो वाचायला आवडतो, कारण पहिल्यांदाच कुणी तिऱ्हाईत माणूस तुमचा शोध गंभीरपणे वाचून त्यावर बोलत असतो.

आकृतीपाशी मी बराच वेळ बसले. त्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये सीट तिरकी होती, पण मिटताना झडपही तेवढीच तिरकी होत होती. दोन्ही प्रतलं समांतर. स्पर्श सगळीकडून एकदम. म्हणजे ते दोन कागद जोडणाऱ्या माणसाच्या हाती काय लागलं असतं? तिरक्या सीटचा, पण कण अडकणारा व्हॉल्व्ह. धुण्याचा परिणाम त्यात कुठेच नव्हता आणि त्याकडे बोट दाखवणारं वाक्यही नव्हतं. क्लेममध्ये आम्ही 'एकमेकांच्या सापेक्ष झुकलेली' असं लिहिलं होतं. ते आवळून 'प्रथम स्पर्शाच्या वेळी समांतर नसलेली' असं केलं. हे करता आलं ते केवळ तो तपशील मूळ वर्णनात आकृतीसह लिहिलेला होता म्हणून. दाखल केलेल्या अर्जात नंतर नवी माहिती घुसवता येत नाही. लठ्ठ वर्णनाचा आग्रह मी धरते तो यासाठी. अहवालात काय येईल हे अर्ज लिहिताना कुणालाच ठाऊक नसतं.

सुनावणीत परीक्षकाने एकच अवघड प्रश्न विचारला. रबर मऊ असताना 'समांतर नाही' हे ठरवायचं कसं, शेवटी चकती दबून सपाट होतेच ना? रास्त शंका. उत्तर आमच्याच शब्दांत होतं: प्रथम स्पर्शाच्या क्षणी, दाब येण्याआधी. त्यांनी नोंद केली, आणखी एका शब्दाची दुरुस्ती सुचवली, ती आम्ही मान्य केली. काही काळाने पेटंट मंजूर झालं.

मंजुरीनंतर त्यांचा उत्साह बघून मला एक कडू गोष्ट सांगावी लागली. पेटंट मिळालं म्हणजे व्हॉल्व्ह बनवायचा परवाना मिळाला असं नाही. पेटंट फक्त दुसऱ्याला अडवू देतं. जेम्स वॉटकडे वाफेच्या इंजिनाच्या वेगळ्या कंडेन्सरचं 1769 चं पेटंट होतं, तरी इंजिनाला साधा क्रँक (पुढेमागे होणाऱ्या हालचालीने चाक फिरवणारा दांडा) जोडण्याआड त्याला जेम्स पिकार्डचं 1780 चं पेटंट आलं. शेवटी वॉटच्या बाजूने ग्रहासारख्या फिरणाऱ्या दातेरी चाकांची वेगळीच रचना काढली गेली. फिटरसाहेबांच्या बाबतीत अडचण निघाली फ्लोटच्या दांडीच्या सांध्यात. तो त्यांनी बाजारातल्या एका व्हॉल्व्हवरून उचलला होता आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी पेटंट जिवंत होतं. साधी पिन लावून काम भागलं. ही तपासणी वेगळी असते, वेगळी करावी लागते, आणि लोक ती टाळतात, कारण हातात प्रमाणपत्र आल्यावर कुणाला वाईट बातमी ऐकायची नसते.

काही वर्षांनी बाजारात एक व्हॉल्व्ह आला. सीट अगदी सपाट, चकती तिरकी. त्यांनी तो विकत घेतला, उभा कापला आणि दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर आणून ठेवले. रागावण्यापेक्षा ते खूशच जास्त दिसत होते: "मी म्हटलंच होतं!" आम्ही पत्र पाठवलं. क्लेमचा एकेक भाग डावीकडे, त्यांच्या व्हॉल्व्हचा त्या त्या भागाचा फोटो उजवीकडे, विशेषणं शून्य. समोरच्या कंपनीनेही चांगला अॅटर्नी गाठला असावा, कारण उत्तरात आरडाओरडा नव्हता. सपाट सीटचा मुद्दा त्यांनी एकदा मांडून बघितला आणि पुढच्या पत्रात सोडून दिला. प्रकरण कोर्टात न जाता परवान्यावर मिटलं; दर नगामागे रक्कम ठरली.

करारावर सही करण्याआधी त्यांनी मसुदा शेवटपर्यंत वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, यांनी दोन थरांचं रबर वापरलेलं नाही, मग अकराव्या क्लेमचे वेगळे पैसे मागता येणार नाहीत का? येणार नाहीत, मी म्हटलं. तो क्लेम ते वापरतच नाहीयेत.

"वापरायला पाहिजे होता," ते म्हणाले. "वर्षभरात रबर झिजेल त्यांचं. खरी करामत तिथेच आहे."